अग्रॉस, आरुरा, खोराफी: ग्रीक भाषेतलं शेत

ग्रीक ‘अग्रॉस’, संस्कृत ‘अज्र’ आणि लॅटिन ‘अगेर’ हे शेतासाठीचे तिन्ही शब्द एकाच मुळातले. ते मूळ ‘हाकणे’ या अर्थाचं, संस्कृतातला ‘अज्’ धातू तोच. म्हणजे गुरं हाकत न्यायची ती जमीन अग्रॉस. नांगराचा अर्थ तिला मागाहून चिकटला. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात नायक ओडिसिअसचा म्हातारा बाप लाएर्तीस अग्रॉसवर असतो, तिथं नुसतं ‘शेतात’ म्हणून भागत नाही. तो गावातलं घर सोडून मळ्यावर राहायला गेलाय, आणि ‘मळ्यावर’ हाच मराठी शब्द तिथं चपखल बसतो.

नांगरटीच्या जमिनीला ‘आरुरा’ म्हणत, ‘आरोओ’ म्हणजे नांगरणे यावरून. इ. स. पू. १२०० च्या सुमारास दक्षिण ग्रीसमधल्या पिलोसचा राजवाडा जळाला, त्या आगीत भाजून टिकलेल्या मातीच्या पाट्यांवर हा शब्द आहे. त्या पाट्यांत जमीन मोजलीय ती बियाण्याला किती धान्य लागतं त्यावरून. पुढे इजिप्तात आरुरा हे मापच झालं: १०० हात लांब, १०० हात रुंद, म्हणजे साधारण २७ गुंठे.

नांगराच्या भागांची नावं हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात नीट सापडतात. ‘एलुमा’ म्हणजे खोड, ते ओकचं. ‘हिस्तोबोएउस’ म्हणजे हाळीस, जुवापर्यंत जाणारी लांब दांडी, ती लॉरेलची किंवा एल्मची, कारण या लाकडांना कीड लागत नाही. घरात दोन नांगर हवेत, एक अखंड वाकड्या लाकडाचा आणि एक जोडकामाचा. एक मोडला तर बैल लगेच दुसऱ्याला जुंपता येतात. बैल नऊ वर्षांचे घ्यावेत. कोवळे बैल नांगराच्या तासातच झुंजतात, नांगर मोडतो आणि काम तसंच पडून राहतं. त्यांच्या मानेवरचं ‘झुगॉन’ म्हणजे संस्कृत ‘युग’, आपलं जू.

आज ग्रीसच्या गावात शेताला ‘खोराफी’ म्हणतात. ‘खोरा’ म्हणजे जागा, मुलूख, त्याचं हे लघुरूप. अग्रॉस पुस्तकी झाला, पण शेतकऱ्याला ‘अग्रोतिस’च म्हणतात. आरुरा तर उरलाय तो उंदराच्या ‘अरुरेओस’ या नावात.

जमीन मोजतात ‘स्त्रेमा’त, हा शब्द वळण्याच्या धातूवरून आला. आजचा स्त्रेमा १,००० चौ. मी., म्हणजे दहा गुंठ्यांना जरा कमी. तुर्की अमलातला मात्र सुमारे १,२७० चौ. मी.चा होता. जुना दस्त वाचताना हा फरक सुटला, तर दर चार स्त्रेम्यांमागे एकाहून जास्त स्त्रेम्याची चूक होते.