सिम्युलेटरमधला सॉकेट वाट का पाहत नाही

युनिक्सवर सॉकेट (प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणारं टोक) वापरायला शिकलेला विद्यार्थी एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये एका नोडवर, म्हणजे नकली यंत्रावर, तीन-चार सॉकेट उघडतो आणि मग अनेक सॉकेटांवर एकदम नजर ठेवणारं सिलेक्ट हे फंक्शन शोधू लागतो. ते सापडत नाही. बाइंड आहे, लिसन आहे, रिसीव्हफ्रॉमही आहे. पण "यांपैकी कुठेही काही आलं की मला उठव" असं सांगायची सोय नाही. सिम्युलेटर अपुरा आहे, असा समज इथेच होतो. तो समज दूर व्हायला हवा, कारण सिलेक्ट ज्या अडचणीतून जन्मलं ती अडचण इथे नाहीच.

ती अडचण होती वाट पाहण्याची. बर्कली विद्यापीठाची युनिक्सची आवृत्ती ४.२बीएसडी १९८३ मध्ये आली, त्यात सॉकेट आणि सिलेक्ट दोन्ही होते. रिकाम्या सॉकेटवर वाचायला गेलेली प्रोसेस डेटा येईपर्यंत झोपते, आणि तेवढ्यात दुसऱ्या सॉकेटवर निरोप आला तरी तिला पत्ता लागत नाही. मग एकतर प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस काढा, नाहीतर सगळ्यांची यादी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती देऊन एकदाच झोपा. सिलेक्टने दुसरा मार्ग दिला. ४.३बीएसडीमधला आयनेटडी हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम याच बळावर अनेक सेवांच्या पोर्टांवर एकटा कान देऊन बसायचा. कुठला सॉकेट तयार आहे हे सिलेक्ट सांगतं. आधी कुठे निरोप आला हे मात्र नाही.

सिम्युलेटरचं घराणं वेगळं. नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ मध्येच घटनांची काळानुसार लावलेली यादी होती. यादीतली सर्वांत आधीची घटना उचलायची, घड्याळ थेट तिच्या वेळेवर न्यायचं, ती पार पाडायची, पुढची घ्यायची. एनएस-३ आजही हेच करतो, आणि साध्या प्रयोगात शेकडो नोडांचं हे सगळं काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच पाऊल टाकत, चालतं. आता समजा, एका नोडवरच्या ॲप्लिकेशनने रिसीव्ह म्हटलं आणि ते तिथेच अडून बसलं. ज्या पॅकेटची ते वाट पाहतंय, त्याच्या आगमनाची घटना यादीत पुढे उभी आहे. पण यादी पुढे सरकवणारा थ्रेड या रिसीव्हमध्येच अडकलाय. पॅकेट कधीच येणार नाही. सगळा प्रश्न या एका गाठीत आहे, आणि ती कळली की बाकीची रचना आपोआप उलगडते.

आधीच्या पिढ्यांत ही गाठ पडलीच नाही, कारण सॉकेटच नव्हते. केशव यांचा १९८० च्या दशकाअखेरचा रिअल सिम्युलेटर आणि त्यातून वाढलेला एनएस हे नेटवर्कमधल्या गर्दी-नियंत्रणाच्या अभ्यासासाठी होते. एनएस-२ मध्ये सॉकेटांऐवजी पॅकेट पाठवणारे-घेणारे एजंट असत, आणि बहुतेक पॅकेटांत खरा डेटा नसे, फक्त त्याचा आकार लिहिलेला असे.

एनएस-३ चं काम २००६ मध्ये सुरू झालं आणि पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. खऱ्या जगाशी जवळीक हवी म्हणून सॉकेटची नावं बर्कलीची घेतली, पण वाट पाहणं काढून टाकलं. त्याजागी कॉलबॅक, म्हणजे काही आलं की सिम्युलेटरने हाक मारायचं फंक्शन, आला: प्रत्येक सॉकेटला सेटरिसीव्हकॉलबॅकने एक फंक्शन नेमून द्यायचं. दहा सॉकेटांना एकच फंक्शन चालतं, कारण हाक मारताना सिम्युलेटर तो सॉकेटच हाती देतो. एनएस-३ सोबत येणारं पॅकेटसिंक हे पॅकेट स्वीकारणारं ॲप्लिकेशन असंच लिहिलंय: टीसीपीची नवी जोडणी स्वीकारली की तिच्या सॉकेटलाही तेच वाचणारं फंक्शन जोडलं जातं. त्यात रिसीव्हफ्रॉम रिकामं परतेपर्यंत लूप फिरतो. नवशिक्या हा लूप घालायला विसरतो आणि पॅकेटं रांगेतच पडून राहतात. शिवाय टीसीपी निरोपांच्या सीमा जपत नाही, म्हणून अर्धवट आलेले तुकडे प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी वेगळे साठवावे लागतात.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती क्रमाची. दोन सॉकेटांवर नेमक्या एकाच नॅनोसेकंदाला पॅकेट आलं, तर ज्याची घटना यादीत आधी नोंदली गेली त्याचा कॉलबॅक आधी चालतो. तोच प्रयोग, तेच सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या), तोच क्रम. खऱ्या यंत्रावर ही हमी मिळत नाही.

बुडापेस्टमध्ये आंद्राश वर्गा यांनी सुरू केलेल्या ओम्नेट++ या दुसऱ्या सिम्युलेटरने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. हँडलमेसेज हा घटनेचा मार्ग. ॲक्टिव्हिटी हा सिम्युलाच्या वळणाचा, जिथे मॉड्यूल (सिम्युलेशनचा एक घटक) स्वतःच्या स्टॅकवर, म्हणजे चालू कामाची स्थिती जपणाऱ्या मेमरीत, थांबून राहू शकतं. नोडांची संख्या वाढली की हे स्टॅक मेमरी खातात, म्हणून हँडलमेसेजच रुळला. तिथे सगळ्या सॉकेटांचे निरोप मॉड्यूलच्या एकाच दारातून येतात. कुठला कोणाचा हे ठरवायला ओम्नेट++ च्या आयनेट या मॉडेल-संग्रहात सॉकेटमॅप आहे.

सिलेक्ट वापरणारा जुना प्रोग्राम बदल न करता चालवायचाच असेल, तर एनएस-३ साठी डायरेक्ट कोड एक्झिक्युशन हे जोडसाधन आहे. ते प्रत्येक नकली प्रोसेसला स्वतःचा स्टॅक देतं. प्रोग्राम थांबला की त्याचा स्टॅक बाजूला ठेवला जातो, घटनांची यादी पुढे सरकते, आणि पॅकेट आलं की तो जिथे थांबला होता तिथून पुढे चालू होतो.