डेक पेजवरची ‘ती’ ओळ आणि सिंकहोलचं कव्हर
फ्लोरिडातल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जवळपास कुठे जमीन खचल्याची बातमी आली, की आमच्या विमा एजन्सीचा फोन दिवसभर वाजत राहतो. प्रश्न एकच: ‘आमच्या पॉलिसीत सिंकहोल (जमीन खचून पडणारा खड्डा) आहे ना?’ पाठोपाठ डेक पेजचा, म्हणजे कव्हर आणि रकमा लिहिलेल्या पॉलिसीच्या गोषवाऱ्याचा, फोटो येतो. त्यातल्या एका ओळीवर पिवळा मार्कर फिरवलेला असतो: ‘कॅटॅस्ट्रॉफिक ग्राउंड कव्हर कोलॅप्स – इन्क्लुडेड’. मग प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, की ही ओळ वेगळी आणि सिंकहोलचं कव्हर वेगळं.

मार्कर केलेली ओळ राज्याच्या कायद्यामुळे आलेली आहे. फ्लोरिडात परवाना असलेल्या प्रत्येक कंपनीला घराच्या पॉलिसीत हे कव्हर द्यावंच लागतं. ते मागावं लागत नाही, म्हणूनच गैरसमज होतो. त्यातून पैसे मिळायचे तर चार गोष्टी एकदम घडाव्या लागतात. जमिनीचा वरचा थर अचानक कोसळला पाहिजे. खड्डा नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसला पाहिजे. घराच्या ढाच्याला, पायासकट, नुकसान झालं पाहिजे. आणि सरकारी यंत्रणेने घर राहण्यास अयोग्य ठरवून ते रिकामं करण्याचा आदेश दिलेला असला पाहिजे. चारातली एक जरी नसली तरी या ओळीतून काही मिळत नाही. मे 1981 मध्ये विंटर पार्कमध्ये अख्खं घर, गाड्या आणि सार्वजनिक स्विमिंग पूलचा एक भाग खड्ड्यात गेला होता. तसलं काही झालं तर ही ओळ कामाची.

पण बहुतेक घरांचं दुखणं इतकं नाट्यमय नसतं. ब्लॉकच्या भिंतीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भेग, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली चीर, कालपर्यंत नीट लागणारं आणि आज फरशीला घासणारं दार. घर खचतंय, पण तुम्ही त्यात राहताय आणि कोणी रिकामं करायला सांगितलेलं नाही. यासाठी लागतं ते ‘सिंकहोल लॉस’चं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर. कंपनीने ते जादा प्रीमियम घेऊन उपलब्ध करून द्यायचं असतं, पण घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. डेक पेजवर आणखी खाली बघा. तिथे बरेचदा ‘सिंकहोल लॉस – एक्स्क्लुडेड’ असं लिहिलेलं असतं आणि मार्कर तिथवर पोचलेलाच नसतो. फ्लड इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त असाल तर तेही सांगून ठेवतो: जमीन खचण्याचं नुकसान त्यातही धरत नाहीत, मग ती पुरामुळे का खचली असेना.

आता डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा पहिला हिस्सा. सिंकहोलचं डिडक्टिबल 1, 2, 5 किंवा 10 टक्के असू शकतं आणि ते घराच्या विमा रकमेवर मोजतात, नुकसानीवर नाही. घर 4 लाख डॉलरला इन्शुअर केलं असेल आणि डिडक्टिबल 10 टक्के असेल, तर पहिले 40,000 डॉलर तुमचे. दुरुस्ती 35,000 ची निघाली, तर कंपनीकडून छदामही येणार नाही. 10 टक्क्यांचा पर्याय स्वस्त दिसतो म्हणून घेणारे बरेच असतात. आम्ही त्यांना थांबवत नाही, फक्त हा हिशेब कागदावर करून दाखवतो.

‘तुम्ही एजंट आहात, टाकून द्या ना ते एंडॉर्समेंट,’ असंही ऐकायला मिळतं. टाकता येत नाही. कव्हर देण्याआधी कंपनी घराची तपासणी मागू शकते, आणि पॅस्को, हर्नांडो, हिल्सबरोसारख्या काउंटींत ती मागितली जाणारच असं धरून चाला. तपासणीत जुन्या भेगा निघाल्या तर नकारही येतो. खर्च कोणाच्या खिशातून जाणार ते कंपनीगणिक बदलतं, आधी विचारून घ्या. क्लोजिंग (घर नावावर होण्याचा शेवटचा व्यवहार) शुक्रवारी आणि आम्हाला फोन मंगळवारी, असं झालं की तपासणी बसत नाही आणि लोक एंडॉर्समेंटशिवाय सही करून मोकळे होतात. ‘नंतर बघू’ म्हणतात. नंतर पहिली भेग दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही दर रिन्यूअलला सिंकहोलचं होय-नाही लेखी मागतो. हा कागद काहींना जाच वाटतो, पण त्या एका टिकमार्कवरून नंतर वाद होत नाहीत.

धोका इथेच एवढा का, तर खाली चुनखडी आहे. पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी ती विरघळवत जातं, पोकळ्या होतात. भूजलाची पातळी एकदम उतरली, की वरच्या वाळू-मातीचा आधार जातो. जानेवारी 2010 च्या कडाक्याच्या थंडीत प्लांट सिटी परिसरात स्ट्रॉबेरी वाचवायला शेतकऱ्यांनी जमिनीतून बेसुमार पाणी उपसलं. पातळी सुमारे 60 फूट खाली गेली आणि 140 हून अधिक सिंकहोल नोंदले गेले. पावसाळा संपला म्हणून धोका टळला असं इथे होत नाही.

भेग दिसली तर ती लगेच बुजवून रंग मारू नका. मापासाठी शेजारी एक क्वार्टर (25 सेंटचं नाणं) धरून फोटो काढा, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. प्रत्येक भेग सिंकहोलची नसते: स्टको आकसतो, चिकणमाती फुगते, जुनं झाडाचं मूळ कुजतं, पाइप फुटतो. पण नुकसान कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, 2 वर्षांच्या आत क्लेमची सूचना कंपनीकडे जावी लागते. आम्हाला फोनवर सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं समजू नका. नोटीस कशी पाठवायची ते आम्ही सांगू. क्लेम मंजूर झाल्यावर कंपनी दुरुस्तीचं कंत्राट 90 दिवसांत करायला लावू शकते. पूर्वी अनेकांनी पैसे घेतले आणि घर तसंच ठेवलं, म्हणून 2011 मध्ये नियम आवळले गेले.

कम्युनिटीत राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. रस्ता, तळं, क्लबहाउस एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) गळ्यात. लॉनवर खड्डा पडला पण घराला धक्का नाही, तर तुमची पॉलिसी तो भरून देत नाही. स्विमिंग पूल आणि ड्राइव्हवेही धरून चालू नका, कारण कंपनी हे कव्हर मुख्य इमारतीपुरतं मर्यादित ठेवू शकते. कॉन्डोवाल्यांनो, इमारत असोसिएशनच्या पॉलिसीवर असते, पण दुरुस्तीची वर्गणी तुमच्यावर येऊ शकते. एचओ-6 पॉलिसीत (कॉन्डो युनिटच्या मालकाची पॉलिसी) लॉस असेसमेंटचं, म्हणजे अशा वर्गणीसाठीचं, कव्हर कायद्याने किमान 2,000 डॉलरचं असतं. तेही नुकसानीचा तो प्रकार तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत कव्हर असेल तरच. म्हणजे युनिटच्या पॉलिसीत सिंकहोलचं कव्हर नसेल तर सिंकहोलच्या वर्गणीसाठी या 2,000 चाही उपयोग नाही.

घर विकत घेत असाल तर विक्रेत्याला लेखी विचारा: पूर्वी सिंकहोलचा क्लेम मिळाला होता का, आणि ते सगळे पैसे दुरुस्तीवरच खर्च झाले का? हे क्लोजिंगआधी सांगणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे. नीट दुरुस्त केलेलं घर वाईटच असतं असं नाही, पण त्याला पुढे कोणती कंपनी विमा देईल हे आधी बघावं लागतं. ते आम्ही ऑफर देण्याआधी बघून देतो.

पॉलिसी आमच्याकडची नसली तरी डेक पेजची सगळी पानं पाठवा, नुसतं पहिलं नको. वाचून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही. नवीन घर असेल तर क्लोजिंगची तारीख ठरली त्याच दिवशी कळवा, म्हणजे तपासणीला वेळ राहतो.