अंड्यातली शिकवणी

पिल्लाची उपजत वागणूक जन्मतःच तयार असते, त्यात शिकण्यासारखं काही नसतं, हा समज फार जुना. पुरावा म्हणून हटकून बदकाचं पिल्लू पुढे केलं जातं: अंड्यातून निघतं आणि आपल्याच जातीच्या मादीच्या हाकेकडे धावतं. तिला आधी न ऐकताही!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट गॉटलिब यांना हे पटेना. पिल्लं अंड्यात असतानाच आवाज काढू लागतात. त्यांनी काही पिल्लांचा आवाज तिथेच बंद केला, भावंडांपासूनही त्यांना वेगळं ठेवलं. पुढे या पिल्लांना बदकिणीची हाक कोणती आणि कोंबडीची कोणती, हे नीट कळेना. स्वतःचा चिवचिवाट ऐकणं हीच त्यांची तयारी होती. जनुकं लागतातच, तो वाद नाही.

कुरव पक्ष्याची पिल्लंही पालकांच्या चोचीवर टोचताना सुरुवातीला बऱ्याचदा नेम चुकवतात. सरावाने तो सुधारतो.