चित्र काढतोय, म्हणजे डोकं बरं झालं?

"मोटारसायकलवरून पडला, पण सीटी स्कॅन नॉर्मल आहे, आता तर चित्रंही काढतो, म्हणजे मेंदूला काही झालेलं नाही." जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर अशा अर्थाचा निरोप फिरत असतो. पटतो, कारण जखम दिसतच नाही.

सीटी स्कॅन प्रामुख्याने रक्तस्राव आणि हाडाची मोड दाखवतो. मुक्या माराने मेंदूचं काम बिघडलं, तर ते त्यात बहुधा उमटत नाही. चित्रकला हातात मुरलेली असते, ती टिकू शकते. कमी पडतं ते सलग बघणं आणि उजेड सोसणं. त्याची वसुली कधीकधी दुसऱ्या दिवशी होते.

पडताळा घरीच घेता येतो. केळीची एक फणी समोर ठेवून सकाळी 15 मिनिटं चित्र काढा, आणि दिवसाची कामं उरकल्यावर संध्याकाळी तीच पुन्हा. डोकेदुखी 0 ते 10 मध्ये तीनदा लिहा: सकाळच्या चित्राआधी, संध्याकाळच्या चित्रानंतर, दुसऱ्या सकाळी. थकून काढलेल्या चित्रात कधी केळ्यांची संख्या चुकते, कधी तीच रेघ पुन्हा गिरवली जाते, कधी कोपरा कोरा राहतो. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला नोंद मिळते. दुखणं चढलं की तिथेच थांबा. वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा झटका (फिट) आला, तर चित्र राहू द्या, लगेच दवाखाना गाठा.

कागद खाकी घ्या; आपल्याकडच्या उन्हात पांढरा कार्डशीट डोळ्यांवर मारतो. तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासाने डोकं उठतं, त्यापेक्षा कोळसा बरा. आणि काळं चित्र पाहून मन काळवंडलं असं समजू नका, खाकीवर कोळसा उठून दिसतो!