पालकसभेला गेल्याने मार्क वाढतात?

जून उजाडला की शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. ज्यांचे आईवडील पालकसभेला नियमित येतात ती मुलं अभ्यासात पुढे असतात, हे म्हणे 'संशोधनाने सिद्ध' झालंय. कुणाचं संशोधन, कुठलं, कधीचं, याचा पत्ता नसतो. गंमत म्हणजे विधान तसं खोटं नाही. कुठल्याही शाळेचा हजेरीपट आणि निकालपत्रक शेजारी ठेवलं तर बहुधा तसंच दिसेल. घोटाळा होतो तो त्याच्या शेपटाला लावलेल्या वाक्यात : 'म्हणून सभेला या, मुलांचे मार्क वाढतील.'

सभेला येतं कोण, ते बघा. ज्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत नाही, ज्याला मुख्याध्यापकांसमोर खुर्चीवर बसायला संकोच वाटत नाही, ज्याच्या घरी धाकट्याला सांभाळायला आजी आहे, तो. ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली आई येणार कशी? आणि ज्या घरातून सभेला यायची सवड निघते, त्याच घरात संध्याकाळी पाढे म्हणून घ्यायलाही कुणीतरी असतं. म्हणजे हजेरी आणि मार्क ही दोन्ही एकाच मुळातून फुटलेली असू शकतात. त्यातली एक फांदी ओढली म्हणून दुसरी वाढेलच असं नाही.

मग सभेचा स्वतःचा परिणाम किती, हे वेगळं कसं काढायचं? उत्पन्न, आईचं शिक्षण, घरातली पुस्तकं हे सगळं मोजून हिशेबात धरता येतं. पण पालकांची कळकळ कशात मोजणार? जे मोजता येत नाही तेही दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जावं, यासाठी माणसाला सापडलेली एकच खात्रीची युक्ती आहे, आणि ती म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ती पक्की केली. नवं खत चांगल्या वाफ्याला घालायचा मोह कुणालाही होतो आणि मग पीक जमिनीने दिलं की खताने, हे कळत नाही. म्हणून कुठल्या वाफ्याला काय घालायचं ते चिठ्ठीने ठरवायचं. आपल्याकडे व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांच्या जोडीने शेतीसंशोधकांना हे संख्याशास्त्र शिकवलं. शाळांपर्यंत मात्र ते फार उशिरा पोचलं.

पोचलं ते कसं, हे बघायला उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात जावं लागेल. तिथे प्रत्येक गावात सरकारी नियमानुसार ग्राम शिक्षा समिती होती. तीन पालक, मुख्याध्यापक आणि ग्रामप्रधान असे तिचे सदस्य. शाळेवर लक्ष ठेवणं आणि गरज पडली तर गावातला शिक्षामित्र, म्हणजे कंत्राटी शिक्षक, नेमणं ही तिची कामं. २००५च्या सुमाराला अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो, रेचल ग्लेनरस्टर आणि स्तुती खेमानी या संशोधकांनी 'प्रथम' या संस्थेबरोबर तिथे पाहणी केली. 'प्रथम' आपल्या परिचयाची, मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून वाढलेली. ९२ टक्के पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. तिच्या सदस्यांची नावं सांगू शकले जेमतेम २ टक्के. खरी कमाल पुढेच आहे : जवळजवळ पाव सदस्यांना आपण सदस्य आहोत याची खबर नव्हती! आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांपैकी पहिलीच्या पातळीची गोष्ट वाचून समजू शकत होती फक्त ३९ टक्के.

प्रयोगासाठी २८० गावं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार गट पाडले. ८५ गावांत काहीच करायचं नाही, ती तुलनेसाठी. पहिल्या गटातल्या ६५ गावांत वस्तीवस्तीवर बैठका, मग गावसभा, आणि तिथे समितीचे अधिकार समजावून सांगायचे. दुसऱ्या ६५ गावांत हे सगळं, शिवाय गावकऱ्यांनी स्वतः मुलांची वाचनपरीक्षा घेऊन गावाचं प्रगतिपत्रक करायचं. ही परीक्षा अगदी साधी असते. हातात एक कागद. 'प्रथम'च्या नेहमीच्या रीतीत आधी मुलापुढे चार ओळींचा परिच्छेद धरतात. सरळ वाचला तर गोष्ट देतात. अडखळलं तर सुटे शब्द दाखवतात, पाचांतले चार यायला हवेत. तेही नाही जमले तर अक्षरं. निरक्षर आईलाही शेजारी बसून आपलं लेकरू कुठे थांबलं ते दिसतं. तिसऱ्या ६५ गावांत आधीच्या दोन्ही गोष्टी आणि वर आणखी एक : गावातल्या तरुण स्वयंसेवकांना चार दिवस शिकवून त्यांच्याकडून शाळेनंतर वाचनवर्ग चालवून घ्यायचे, तेही बिनपगारी.

गावसभा जोरदार झाल्या. सरासरी शंभरावर माणसं जमली, भरपूर चर्चा झाली. वर्षभराने मोजणी केली तेव्हा पहिल्या दोन गटांत समित्या होत्या तिथेच होत्या. पालकांचा शाळेतला वावर वाढला नाही, त्यांनी नव्या मागण्या लावून धरल्या नाहीत आणि मुलांच्या वाचनातही फरक पडला नाही.

फरक पडला तो तिसऱ्या गटात, आणि तो मोजायची रीत मला इतकी आवडते की तिच्यावर थोडं रेंगाळणारच.

वाचनवर्गाचा परिणाम किती, हे काढायचा सरळ वाटणारा मार्ग म्हणजे वर्गाला आलेली मुलं आणि न आलेली मुलं यांची तुलना. पण तिथे पालकसभेचीच खोट पुन्हा शिरते, कारण येणारी मुलं मुळात वेगळी असू शकतात. चिठ्ठी गावांची टाकली होती, मुलांची नाही. म्हणून तुलना गावांचीच करायची, मूल वर्गाला आलं की नाही हे बघायचंसुद्धा नाही. सुरुवातीला एकही अक्षर न येणारी मुलं घ्या. वाचनवर्गाच्या गावांत अशा दर शंभर मुलांमागे अक्षरं वाचू लागलेली मुलं तुलनेच्या गावांपेक्षा ७.९ने जास्त निघाली. हा आकडा छोटा वाटतो. पण या शंभरांपैकी वर्गाला आली होती फक्त १३. चमचाभर साखर पातेलंभर पाण्यात विरघळली की चव लागत नाही, तसं तेरा मुलांचं शिकणं शंभरांच्या सरासरीत पातळ झालं. मग ७.९ला ०.१३ने भागा. उत्तर येतं ६० आणि वर थोडं. वर्गाला आलेल्या दर शंभर मुलांपैकी साठेक मुलं केवळ त्या वर्गामुळे अक्षरं वाचायला लागली!

तिसरीतला भागाकार आहे हा. अब्राहम वॉल्ड या संख्याशास्त्रज्ञाने १९४०मध्ये तो एका वेगळ्याच प्रश्नासाठी मांडला होता. त्याचा नेमका अर्थ काय लावायचा, हे गिदो इम्बेन्स आणि जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९४मध्ये दाखवलं, आणि २०२१च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या दोघांना वाटा मिळाला तो याच धाटणीच्या कामासाठी.

भागाकार सोपा असला तरी तो करायचा हक्क कमवावा लागतो. पहिली अट, चिठ्ठी खरोखरची हवी. दुसरी, चिठ्ठीमुळे वर्गाला जाणारी मुलं वाढायला हवीत, नाहीतर खाली शून्य येईल. तिसरी अट अवघड आहे : चिठ्ठीचा परिणाम वाचनावर पोचायचा तो फक्त वर्गाच्या वाटेनेच, दुसरी चोरवाट असता कामा नये. आता तिसऱ्या गटात गावसभाही झाली होती आणि प्रगतिपत्रकही. त्यामुळे गुरुजी हलले असतील, आयांनी मुलांना घरी बसवलं असेल, तर? तर ७.९मधला काही वाटा त्यांचा, आणि भागाकार फसवा. पण पहिले दोन गट नेमके याचीच झडती घेतात. तिथे सभा होती, प्रगतिपत्रक होतं, वर्ग नव्हता, आणि परिणाम शून्य. म्हणजे चोरवाट बंद. ज्या गटांना लोक 'अपयशी' म्हणतील, त्यांच्यामुळेच यशस्वी गटाचा आकडा विश्वासाचा ठरतो.

आणखी एक बारकावा (दमछाक झाली असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल). मुलं तत्त्वतः चार जातीची असतात : एक, वर्ग असो नसो, कुठून तरी शिकवणी मिळवणारी; दोन, काही केलं तरी न येणारी; तीन, असला तर येणारी आणि नसला तर न येणारी; आणि चार, असला की मुद्दाम न येणारी, पण नसला की शोधत जाणारी. चौथी जात नाही असं धरलं तर भागाकार तिसऱ्या जातीचा परिणाम देतो, फक्त तिसऱ्या. जौनपूरच्या इतर गावांत हे वर्गच नव्हते, त्यामुळे पहिली जातही गळते. ६० हा आकडा त्यामुळे वर्गाला आलेल्या मुलांचा आहे. घरी राहिलेल्या ८७ जणांना ओढून आणलं असतं तर तेवढाच फायदा झाला असता, असं तो सांगत नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन' क्लासवाले आठवा. मंचावर चार मुलं उभी करून ते पालकांकडून हजारो रुपये घेतात. त्यांना फक्त एवढंच विचारा : चिठ्ठी टाकून निम्म्या मुलांना शिकवा, निम्म्यांना नको, आणि परीक्षा तिऱ्हाइताला घेऊ द्या. मुलं पट्टीच्या फटीतून बघतात का, हे तपासायची गरजच पडणार नाही.

तर जौनपूरचे पालक उदासीन होते का? मला तसं वाटत नाही. गावसभेत त्यांना अधिकार सांगितला तो तक्रार करायचा. तक्रार समितीत मांडायची, समितीने ती वर पाठवायची, वरून कुणीतरी विचारपूस करायची, आणि एवढं होऊन गुरुजी बदलले तर बदलले. शिवाय त्याच गुरुजींसमोर आपलं पोर रोज बसायचं आहे. प्रत्येक पायरीला दुसऱ्याच्या मर्जीची कडी. वाचनवर्गाला अशी एकही कडी नव्हती. बारावी झालेल्या पोरीने ओट्यावर फळा टेकवला की काम सुरू. समिती नेमून लोकसहभाग झाला असं मानणाऱ्या प्रत्येक खात्याने ही कड्यांची मोजणी एकदा तरी करायला हवी.

कड्या सैल करता येतात. इंडोनेशियात मध्य जावा आणि योग्यकार्ता भागातल्या ५२० शाळांवर असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग झाला. शाळा समित्यांना नुसता निधी किंवा प्रशिक्षण दिल्याने मुलांच्या शिकण्यात फारसं काही हललं नाही. पण समिती आणि ग्रामपरिषद यांना एकत्र बसवून संयुक्त आराखडा करायला लावला, आणि जिथे त्याच्या जोडीला सदस्य निवडणुकीने आले, तिथे भाषेचे गुण वाढले. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्याशी समिती जोडली गेली, म्हणून.

सभा मुळातच निरुपयोगी, असंही नाही. पॅरिसजवळच्या क्रेतेल शिक्षण विभागात २००८-०९ साली सहावीच्या पालकांसाठी फक्त तीन सभा घेतल्या. शाळा कशी चालते, घरी काय बघायचं, एवढाच विषय. आधी इच्छुक पालकांची नावं घेतली आणि मग वर्गांच्या चिठ्ठ्या टाकल्या. त्यामुळे तुलना इच्छुकांची इच्छुकांशीच झाली आणि कळकळीचा प्रश्न मिटला. मुलांच्या दांड्या कमी झाल्या, वागणूक सुधारली. मार्कांवरचा परिणाम इतका ठळक नव्हता. पण ज्यांचे पालक सभेला आलेच नाहीत, त्यांच्याच वर्गातल्या त्या मुलांचंही वागणं सुधारलं! दांडी मारायला सोबतीच उरला नाही तर एकटा कुठे जाणार? इथे माझा लाडका भागाकार मात्र कोलमडतो. फायदा न आलेल्यांनाही झाला असेल, तर सगळं श्रेय आलेल्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

आता आपल्याकडे या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. विनाअनुदानित शाळा सोडून बाकी सगळीकडे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. जिल्हा परिषदेच्या शाळेत भिंतीवर रंगवलेल्या फलकावर ही नावं असतात, ज्यांतली काही मुलं केव्हाच हायस्कूलला गेलेल्यांची. कलम २२ त्याहून महत्त्वाचं आहे. शाळा विकास आराखडा ही समिती करते, आणि सरकारी अनुदानाचा आधार तो आराखडा असावा, असं ते म्हणतं. शाळेतून केंद्रशाळेत, केंद्रशाळेतून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्ह्याच्या आराखड्यात. कागदावर बघाल तर जौनपूरच्या समितीपेक्षा कितीतरी दणकट अधिकार.

पण केंद्र सरकारच्या नियमांत या तीन वर्षांच्या आराखड्यासाठी काय मागितलंय ते वाचलं की कपाळावर आठी पडते. इयत्तावार पटसंख्येचा अंदाज, जादा शिक्षक किती, खोल्या आणि सुविधा किती, पैसे किती. यातलं सगळं मुख्याध्यापक एका दुपारी भरू शकतात आणि सहीसाठी वही घरोघर फिरवू शकतात. चौथीतली किती मुलं परिच्छेद वाचतात हा रकाना त्यात नाही, आणि पालक स्वतः, कुणाला न विचारता, भरू शकतील असा एकमेव रकाना तोच होता.

तो घालून बघायला कायदा बदलावा लागत नाही. एका तालुक्यातल्या शाळांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांच्या आराखड्याला पालकांनी घेतलेल्या वाचनपरीक्षेचं एक पान जोडायचं, आणि त्यातल्याही निम्म्यांत शाळेनंतरचा वर्ग सुरू करायचा. नुसत्या पानाने काही होणार नाही अशी माझी पैज आहे. वर्षाअखेर मोजणीला मात्र त्या तालुक्यातला कुणी नको, शेजारच्या तालुक्यातून माणसं आणावीत.