झोंबी, वाचक आणि तळहातावरचा घाम

जगबुडीनंतरच्या ओसाड शहरांतून झोंबींच्या, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेतांच्या, झुंडी फिरत आहेत आणि तग धरून राहिलेली मूठभर माणसे अन्नपाण्यासाठी धडपडत आहेत, अशा कथानकाच्या कादंबऱ्या आता मराठी तरुणही आवडीने वाचतात. सोलापुरातील एका वाचनालयात या कादंबऱ्यांवर नुकतीच चर्चा झाली, तेव्हा वाचकांच्या प्रतिक्रियांत जमीन-अस्मानाचा फरक दिसून आला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीने सांगितले की पुस्तक संपल्यानंतरही काही रात्री ती दिवा लावूनच झोपत होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तीच कादंबरी जेवणानंतर निवांतपणे वाचून काढली होती, आणि त्यांना पडलेला एकमेव प्रश्न असा होता की सगळीकडची वीज गेल्यावर उजनीचे पाणी सोलापूरपर्यंत आणणार कोण. यावर एका श्रोत्याने निर्वाळा दिला की हा ज्याच्या त्याच्या पत्रिकेतील गणाचा प्रश्न आहे, तर दुसऱ्याने ‘मन खंबीर पाहिजे’ एवढे बोलून विषय मिटवला.

गणाविषयी फार बोलण्यासारखे काही नाही. जन्मनक्षत्रावरून ठरवलेल्या त्या वर्गवारीचा मज्जासंस्थेशी काडीचाही संबंध नाही. खंबीर मनाचा खुलासा मात्र वरवर शास्त्रीय वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक तपासून घ्यावा लागतो.

मुळात कादंबरीच्या पानावर भिण्यासारखे काय असते? वाटेत साप आडवा आला, तर डोळ्यांनी टिपलेली माहिती अमिग्डाला या मेंदूतील बदामाच्या आकाराच्या केंद्राकडे झपाट्याने पोचते आणि ‘साप’ हा शब्द मनात उमटण्यापूर्वीच पाऊल मागे आलेले असते. छापील पानावर असे काहीच नसते; तेथे पांढऱ्यावर काळे असते, आणि अमिग्डालाला अक्षरओळख नाही. अक्षरे जुळवून शब्द ओळखणे, शब्दांतून वाक्याचा अर्थ लावणे ही कामे मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, दृष्टीची आणि भाषेची केंद्रे करतात. तरीही ‘दाराच्या फटीतून आधी बोटे आत आली’ एवढे वाचून एखाद्याच्या तळहाताला घाम फुटतो. अर्थ समजणे आणि घाम फुटणे यांच्यामध्ये कोणती पायरी आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधकांनी त्या घामाचाच आधार घेतला.

घाम म्हटला की सोलापूरकराच्या डोळ्यांसमोर मे महिना उभा राहतो, कारण येथे पारा ४३ अंशांच्या पलीकडे जाणे नवलाचे नाही. पाठीवर आणि कपाळावर येणारा तो घाम शरीर थंड ठेवण्यासाठी असतो आणि त्याचे नियंत्रण तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडे असते. तळहात आणि तळपाय यांचे वागणे निराळे आहे. तेथे घर्मग्रंथींची दाटी शरीरात सर्वांत जास्त असते, पण त्या उष्णतेपेक्षा भावनेला अधिक जोमाने प्रतिसाद देतात. परीक्षेच्या खोलीत पंखा गरगरत असतानाही उत्तरपत्रिका ओलसर होते ती त्यामुळेच. किंचित ओलसर त्वचेची पकड चांगली बसते, म्हणून पळताना किंवा झाडावर चढताना आपल्या पूर्वजांना ही सोय उपयोगी पडली असावी, असे मानले जाते.

या ग्रंथींपर्यंत संदेश पोचवणारे तंतू अनुकंपी मज्जासंस्थेचे असतात, म्हणजे धोक्याच्या वेळी हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावणाऱ्या यंत्रणेचे. या यंत्रणेचे बहुतेक तंतू आपल्या टोकाशी नॉरअॅड्रिनलिन हे रसायन सोडतात. घर्मग्रंथींकडे जाणारे तंतू मात्र या शिस्तीला अपवाद असून ते अॅसिटिलकोलीन सोडतात. हा अपवाद हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी १९३४ मध्ये मांजराच्या पंजाच्या गादीवर प्रयोग करून दाखवून दिला. अॅट्रोपीन हे द्रव्य अॅसिटिलकोलीनचा परिणाम रोखते, आणि धोतऱ्याच्या विषबाधेत अंग तापलेले असूनही त्वचा कोरडी ठणठणीत राहते त्याचे कारण हेच, कारण धोतऱ्यात अॅट्रोपीन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. ग्रंथीला संदेश मिळाला की तिची सूक्ष्म नळी खारट द्रवाने भरू लागते आणि खारे पाणी विजेला वाट देते. तळहाताच्या किंवा बोटांच्या त्वचेवर दोन इलेक्ट्रोड लावून त्यांच्यामध्ये साधारण अर्धा व्होल्ट इतका, मुळीच न जाणवणारा दाब ठेवला, तर त्वचेची विद्युतवाहकता मायक्रोसीमेन्स या एककात मोजता येते. घाम डोळ्यांना दिसण्याइतका साचण्याच्या आधीच आलेख वर सरकतो. अचानक दचकल्यास एक ते तीन सेकंदांत एक टोकदार उंचवटा उमटतो, आणि भीती हळूहळू चढत गेली तर आलेखाची सारी पातळीच उचलली जाते. त्वचेच्या या गुणधर्माची नोंद फ्रान्समध्ये फेरे यांनी १८८८ मध्येच केली होती.

याच आलेखावरून खरे-खोटे ओळखण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांविषयी येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. घर्मग्रंथीला एवढेच कळते की वरून संदेश आला. तो खोटे बोलल्यामुळे आला, पोलिसांच्या धाकामुळे आला की झोंबीमुळे आला, हे तिला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीवाचून अशी चाचणी करण्यास मनाई केली, तरीही ‘मशीन खोटे बोलत नाही’ ही समजूत मालिकांच्या कृपेने टिकून आहे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी त्वचेच्या वाहकतेचे हे मोजमाप वाचकांवर केले आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकूण ४६ जण होते. २४ जण मनात चित्र पाहू शकणारे आणि २२ जण मुळीच पाहू न शकणारे. या दुसऱ्या स्थितीला अफँटेसिया म्हणतात. हे नाव ब्रिटिश मज्जातज्ज्ञ अॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये रूढ केले. अशा माणसांना आईचा चेहरा ओळखता येतो, त्याचे वर्णनही करता येते, परंतु डोळे मिटले की समोर काहीच उमटत नाही. संशोधकांनी सर्वांना अंधाऱ्या खोलीत बसवून पडद्यावर भीतिदायक गोष्टी वाचायला दिल्या. समुद्रात पोहताना शार्क दिसणे किंवा विमान कोसळण्याच्या बेतात असणे, असे त्यांचे प्रसंग होते. चित्र पाहू शकणाऱ्यांची वाहकता गोष्टीबरोबर चढत गेली, तर अफँटेसिया असणाऱ्यांचा आलेख जवळजवळ सपाट राहिला. यानंतर मृतदेह, दात विचकणारा साप अशी प्रत्यक्ष छायाचित्रे दाखवली, तेव्हा दोन्ही गटांचे आलेख सारखेच उसळले. म्हणजे दुसऱ्या गटाची भीतीची यंत्रणा शाबूत होती आणि गोष्टीचा अर्थही त्यांना कळला होता. मधली पायरी, म्हणजे मनातले चित्र, तेवढी नव्हती.

मुख्याध्यापकांना अफँटेसिया आहे, असे मी म्हणत नाही. अंधूक चित्रापासून लखलखीत चित्रापर्यंत अनेक छटा असतात आणि बहुतेक वाचक त्यांच्या मधे कोठेतरी असतात. मात्र एकाच पानावर एकाला घाम फुटतो आणि दुसऱ्याला पाणीपुरवठ्याची शंका येते, यावरून कोणाच्या धैर्याचे मोजमाप करणे उचित नाही. उलट ज्यांच्या मनात चित्र उमटत नाही, असे वाचक कथेतील तर्काच्या फटी लवकर हेरत असावेत, असा माझा कयास आहे.

मनातील या चित्राचा कच्चा माल कोठून येतो, याचेही उत्तर बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. डेमिस हॅसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकँपस या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना नवा काल्पनिक प्रसंगही नीट रंगवता येत नाही. त्यांच्या वर्णनांत तुकडे येतात, पण सलग जागा उभी राहत नाही. मेंदू जुन्या आठवणींचे तुकडे जोडून नवी जागा बांधतो, हे यावरून दिसते. त्यामुळे कादंबरीतले निर्मनुष्य शहर अमेरिकेतले असले, तरी सोलापूरच्या वाचकाच्या मनात सात रस्त्याचा निर्मनुष्य चौक, नवी पेठेतील उघडी पण ओस दुकाने आणि भुईकोट किल्ल्याच्या तटाखालचा अंधार अवतरणार. चर्चेत त्या मुलीने सांगितले होते की तिला सर्वांत जास्त भीती वाटली ती झोंबींची नसून सिद्धेश्वर तलावाकाठी कोणीच नसल्याच्या कल्पनेची, आणि ही ओळखीची जागा लेखकाने लिहिलेलीच नव्हती.

इतके घाबरूनही लोक पुन्हा तेच का वाचतात, याबद्दल डेन्मार्कमधील एका भयगृहात ११० जणांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भीती फार कमी असताना आणि फार जास्त असतानाही मजा घटली, तर मधल्या पट्ट्यात ती सर्वाधिक होती. आता हा पट्टा प्रत्येकाचा निराळा असणार, कारण वाचनात भीतीचा पुरवठा ज्याच्या त्याच्या मनातील चित्रांकडून होतो.

ज्यांना मनातले चित्र झोपू देत नाही, त्यांच्यासाठी एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी लोकांना अपघात आणि मृत्यू यांची अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यांपैकी काहींना टेट्रिस हा ठोकळे बसवण्याचा खेळ खेळायला दिला. नुसते बसून राहिलेल्यांच्या तुलनेत, खेळ खेळलेल्यांच्या मनात पुढील आठवडाभर ती दृश्ये अचानक उसळण्याचे प्रमाण कमी राहिले. चित्रफितीत काय घडले, हे मात्र त्यांना तितकेच आठवत होते. दृश्ये हाताळणारी मेंदूतील जागा मर्यादित असते आणि ठोकळे फिरवण्यात ती गुंतली की भयदृश्याला पुरेशी मिळत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा प्रयोग पुस्तकावर नव्हे तर चित्रफितीवर झाला होता, परंतु रात्रभर दिवा जाळण्यापेक्षा ठोकळे फिरवून पाहण्यास हरकत नसावी.