केसांचं तेल निवडताना: कॅरियर ऑइल आणि इसेन्शियल ऑइल यांची गल्लत नको

‘केसांना रोझमेरी तेल लाव’ असा सल्ला कुणी दिला, तर आधी विचारावं: कोणतं? या एका नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ विकले जातात. एक म्हणजे एखाद्या साध्या तेलात रोझमेरीची पानं मुरवून गाळलेलं तेल. ते तळहातावर ओतून खुशाल डोक्याला चोळावं. दुसरं म्हणजे रोझमेरीचं इसेन्शियल ऑइल, छोट्या गडद बाटलीत थेंबाथेंबाने वापरायचं. ते तसंच टाळूवर चोळलं तर आग होऊ शकते, लाल चट्टे उठू शकतात आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा कायमची राहते.

खोबरेल, तीळ, बदाम, एरंडेल, ऑलिव्ह, आर्गन ही सगळी पहिल्या जातीची, म्हणजे कॅरियर ऑइलं. झाड आपल्या बियांत किंवा गरात जी चरबी साठवतं, ती दाबून काढली की हे तेल मिळतं. रसायनाच्या भाषेत ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. (जोजोबा याला अपवाद. ते खरं तर पातळ मेण आहे, पण वापर तेलासारखाच.) इसेन्शियल ऑइलमध्ये चरबी नसतेच. पानं, फुलं, साल यांतून वाफ सोडायची आणि ती थंड करून वर तरंगणारा सुगंधी अंश वेगळा करायचा, अशी ती काढतात. संत्र्या-लिंबाच्या सालीची तेलं मात्र दाबूनही काढतात, त्यामुळे लेबलवर ‘कोल्ड प्रेस्ड’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नये.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर पांढऱ्या कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाका आणि कागद दुसऱ्या दिवशी उजेडात धरा. खोबरेलाचा डाग तसाच, पारदर्शक. लॅव्हेंडरचा थेंब उडून गेलेला असतो, फार तर पुसटशी खूण उरते. चंदन किंवा पचौलीसारखी जड तेलं उडायला बराच वेळ घेतात, त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. पण महागड्या ‘शुद्ध’ लॅव्हेंडरने तेलकट डाग सोडला, तर त्यात साधं तेल मिसळलंय हे उघड आहे. वासावर मात्र विसंबू नये. कडुनिंबाच्या तेलाला उग्र दर्प असतो, तरी ते बियांचं, पहिल्या जातीचंच तेल.

आता कामाचं. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. त्याला ‘पोषण’ मिळत नाही, त्याची फक्त झीज थांबवता येते, आणि ते काम कॅरियर ऑइलचं. केस धुताना पाणी शोषून फुगतो, वाळताना आकसतो. हे वारंवार झालं की वरचे खवले उचकटतात आणि आतलं प्रथिन निघून जातं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. प्रथिनाची गळती फक्त खोबरेलाने कमी झाली, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलात जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. त्याची साखळी लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. सूर्यफुलाच्या तेलातले रेणू वाकडे आणि अवजड, ते वरच राहतात. म्हणून माझ्या मते धुण्याआधी तास-दोन तास खोबरेल लावणं हा केसांसाठी सर्वांत भरवशाचा उपाय आहे, त्यात नवलाई नसली तरी. एरंडेल घट्ट आणि चिकट. ते थोडंसं, दुसऱ्या तेलात मिसळूनच घ्यावं. लांब केसांत एरंडेल थापून केसांचा न सुटणारा गठ्ठा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे.

इसेन्शियल ऑइलचा उपयोग झालाच तर टाळूवर. रोझमेरीची सध्याची कीर्ती मुख्यतः २०१५ च्या एका चाचणीवर उभी आहे. तिच्यात आनुवंशिक टक्कल पडणाऱ्या १०० जणांवर रोझमेरी आणि २ टक्के मिनॉक्सिडिल (केस वाढवण्यासाठी टाळूला लावायचं औषध) यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी कुणातच ठळक बदल नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस वाढले आणि ते जवळपास सारखेच. पण काहीच औषध न घेणारा गट त्यात नव्हता, त्यामुळे जपूनच निष्कर्ष काढावा. १९९८ ची चाचणी मला जास्त बोलकी वाटते. चाई पडलेल्या काही रुग्णांना जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर, सीडरवुड मिसळून दिलं, बाकीच्यांना फक्त जोजोबा आणि द्राक्षबियांचं तेल. सुधारणा पहिल्या गटात ४४ टक्के रुग्णांत, दुसऱ्यात १५ टक्के. म्हणजे इथे फरक पडला तो थेंबांचा. पण पहिल्या गटालाही ते थेंब साध्या तेलात विरवूनच दिले होते.

कोंड्याबाबत लोक नेमकं उलट करतात. डोकं खाजलं की तेल वाढवतात. कोंड्याशी जोडलेली मॅलॅसेझिया ही बुरशी मेदाम्लांवरच जगते, तेव्हा टाळू तेलात भिजवून ठेवणं म्हणजे तिला जेवू घालणं. अशा वेळी तेल केसांच्या टोकांनाच लावावं. टी ट्री ऑइलचं (हेही इसेन्शियल ऑइलच) ५ टक्के प्रमाण असलेल्या शाम्पूने कोंडा कमी झाल्याचं २००२ च्या चाचणीत दिसलं होतं, पण तो शाम्पू होता, धुऊन टाकायचा.

मिसळण्याचं प्रमाण १ टक्का धरावं: ३० मिली कॅरियर ऑइलमध्ये साधारण ६ थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. बर्गमॉट किंवा दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजू शकते.

विकत घेताना बाटलीमागची घटकांची यादी वाचा. त्यात नुसतं ‘रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस लीफ ऑइल’ एवढंच असेल तर ते निखळ इसेन्शियल ऑइल. आधी खोबरेल किंवा सूर्यफुलाचं नाव आणि मग रोझमेरी असेल तर ते साध्या तेलात मिसळलेलं किंवा मुरवलेलं. बदामाच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहावं: गोड्या बदामाचं तेल केसांसाठी उत्तम, पण कडू बदामाचं इसेन्शियल ऑइल नीट शुद्ध केलेलं नसेल तर त्यात सायनाइडजन्य विष असू शकतं. आणि टी ट्री किंवा लॅव्हेंडरची जुनी, अर्धवट भरलेली बाटली डोक्याला लावू नका. हवेशी संयोग होऊन त्यात बनणारी द्रव्यं ताज्या तेलापेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जी आणतात.